मान वहीत आणि सम निसटली

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सहा वर्षं तुम्ही रोजनिशी लिहिताय, आणि आता काहीही घडायला लागलं की ते पुरतं घडायच्या आतच डोक्यात त्याचं वाक्य तयार होतं. मैत्रिणींबरोबर सहलीला गेलात, दरीच्या काठाशी उभ्या राहिलात, तरी आत 'हे कसं लिहू' हेच चालू. मग आजी गेली. तिच्या पायांशी बसलेल्या असताना मनात आलं, 'आजीच्या टाचा आज पहिल्यांदाच मऊ दिसतायत.' घर रडत होतं आणि तुम्ही 'मऊ' ठेवावं की 'निवांत', याचा विचार करत होतात. त्याची अजून लाज वाटते. म्हणून विचारताय, लिहिणं सोडून द्यावं का, म्हणजे धड जगता तरी येईल.

सोडू नका. पण तुम्ही दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत, त्या आधी सोडवू. सहलीत झालं ते लक्षाचं दुखणं आहे. त्याला उपाय आहे, आणि तो बराचसा सवयीचा आहे. आजीपाशी वाटली ती लाज. तिला उपाय हवाच आहे का, हे नंतर बघू.

माझा अधिकार किती, तेही सांगतो. मी कवी नाही. रोजनिशी म्हणाल तर कधी फेब्रुवारीच्या पुढे गेली नाही. ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो आणि गेली ३४ वर्षं गाण्याच्या बैठका ऐकून त्यांवर लिहितो. हौसेनं मराठीत, पोटापाण्यासाठी हिंदीत. म्हणजे समोर चाललंय त्यात बुडायचं आणि दुसऱ्या दिवशी लोकांना त्याची हकीकत सांगायची, हाच माझा धंदा. तुमची अडचण मला रोजच्या कामात येते, म्हणून उत्तर द्यायला बसलो. यातलं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. कोणी मन मोकळं करायला लिहितं, कोणी छापायला, कोणी विसरू नये म्हणून. मन मोकळं करायला लिहिणाऱ्याला माझे नियम जाचक होतील. त्यानं हवं तेव्हा, हवं तसं लिहावं.

सुरुवातीची सात-आठ वर्षं मी बैठकीत अखंड लिहायचो. मोठी वही, दोन पेनं. आमच्याकडे डिसेंबरात तानसेन समारोह होतो. हजीऱ्याला सूफी संत महंमद गौसांच्या मकबऱ्याच्या आवारात, तानसेनाच्या समाधीशेजारी मंडप पडतो. पहिल्या दिवशी सकाळी शहनाई, मग हरिकथा आणि मीलाद, अशी ती सुरुवात अजून पाळली जाते. थंडी अशी, की हातमोज्याची बोटं कापून मी तीन बोटं उघडी ठेवायचो, पेन धरता यावं म्हणून. बाकीचे लोक शालीत हात घालून बसायचे, गजक खायचे, ऐकायचे.

अशाच एका सकाळी तोडी हा सकाळचा राग चालला होता. विलंबित तिलवाडा; आमच्या ग्वाल्हेरवाल्यांचा लाडका ताल. सोळा मात्रांचं आवर्तन सावकाश फिरून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, येतं आणि मांडवातल्या सगळ्या माना एकदम खाली येतात. माझ्या शेजारी तबला शिकवण्यात हयात गेलेले एक गृहस्थ बसले होते. मांडीवर बोटांनी मात्रा मोजत होते. मध्यंतरात चहा घेताना त्यांनी विचारलं, "काय लिहिलंत एवढं?" मी कौतुकानं वाचून दाखवलं : समेवर येण्याची गायकाची विलक्षण हातोटी. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "कुठल्या समेवर? गेल्या चार समा तर तुमची मान वहीतच होती."

खरं होतं. लोकांच्या माना समेवर खाली यायच्या. माझी आधीपासूनच खाली. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, काय मनापासून दाद देतोय हा माणूस.

त्या रात्री ती वही वाचली. नऊ पानं होती. त्यातली सगळी वाक्यं मी त्या सकाळी नसतो गेलो तरी मला लिहिता आली असती. 'सुरांची आर्तता', 'लयीवरची हुकमत'. कान देऊन ऐकल्याची खूण नऊ पानांत कुठे नव्हती. एका पानाच्या कोपऱ्यात मात्र दोन शब्द होते, 'तानपुरा उतरला'. ते वाचताच सगळं परत आलं : मागं बसलेल्या शिष्येचं कानकोंडं होणं, बुवांनी न थांबता डाव्या हातानं तानपुरा मागून घेणं, गाता गाताच खुंटी पिळणं, आणि ती तार जुळल्यावर त्यांनी षड्ज असा लावला, की मंडपाला कळलं आता खरं गाणं सुरू होतंय. हे सगळं मी पाहिलं होतं. दोन शब्द लिहून लगेच मान वर केली होती म्हणून पाहिलं होतं.

त्यावरून माझ्या जे ध्यानात आलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे. डोक्यात वाक्य आलं, यानं काही बिघडत नाही. वाक्य सापडलं की माणूस बघायचं थांबतो, तिथे बिघडतं. बाजारात हवी ती वस्तू मिळाली की पुढच्या दुकानांकडे कोण बघतं? पिशवी उचलायची आणि घरी निघायचं. एकदा आलाप सुरू होऊन तीन मिनिटं झाली नाहीत तोवर मला सुचलं, की मंद्रातला हा खोल स्वर जुन्या वाड्यातल्या आडासारखा आहे. झालं. पुढची वीस मिनिटं मी त्या आडाचा कठडा बांधत होतो, त्याला रहाट लावत होतो. गाणारा कधीच तिथून निघून वर तार सप्तकात गेला होता.

तुम्ही दरीच्या काठावर बहुधा असंच केलंत. दरीसाठी वाक्य मिळालं, मग दरी नको झाली.

उपाय म्हणून मी काय करतो ते सांगतो. बैठकीत वाक्य लिहायचं नाही. एकही नाही. तळहाताएवढी वही असते, तीत फक्त सुटे शब्द, आणि तेही अशा गोष्टींचे ज्या मला मनानं रचता आल्या नसत्या. एका पानाचा नमुना देतो : '१०.४० तोडी. तिलवाडा. खोकला — सगळे थांबले. "लंगर"वर दोनदा अडला. पिवळी शाल. पोपट.' यात सुंदर काही नाही. नकोच आहे. सुंदर शब्द आला की तो खोडतो, कारण तो माझ्याकडचा असतो. समोरून आलेला नसतो. पोपट समोरून आला होता. मकबऱ्याच्या घुमटावरून थवा गेला आणि गायकानं तान अर्ध्यात सोडून हसून वर पाहिलं. असा शब्द लिहायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढ्यात सम चुकत नाही.

डोक्यात आपोआप वाक्य तयार होतं त्याचं काय? होऊ दे. मी त्याला मनातल्या मनात म्हणतो, 'बरं, आणि?' एवढंच. 'आडासारखा स्वर.' बरं, आणि? मग पुन्हा ऐकावं लागतं. बऱ्याचदा दुसऱ्या खेपेला दिसतं, की पहिलं वाक्य चुकलंच होतं. पहिलं सुचतं ते बहुधा कुठेतरी वाचलेलं असतं. तुम्ही हे करून बघा. जमायला वेळ लागतो; मला दोन हिवाळे लागले.

बैठक संपल्यावर तासभर तरी मी त्याविषयी कोणाशी बोलत नाही. घरी येऊन 'कसं झालं गाणं?' या प्रश्नाला 'छान' म्हणून जेवायला बसतो. बायकोला हे तुटक वाटायचं, आता सवय झाली. कारण असं, की एकदा चारचौघांत रंगवून सांगितलं की आठवण त्याच साच्यात बसते. दुसऱ्या दिवशी लिहायला बसलं की गाणं आठवत नाही, आपण काल केलेलं वर्णन आठवतं. सकाळी चहा झाला की आधी वही न उघडता आठवेल ते लिहितो. ते संपल्यावर वही काढतो, ती फक्त खातरजमेला. ही खातरजमा मात्र सोडायची नाही. आठवण भलतीच थापाडी असते. एका गायिकेनं झपताल गायला होता, हे मी शपथेवर सांगितलं असतं. वहीत रूपक होता. दहा आणि सात मात्रांची गफलत छापून आली असती तर ग्वाल्हेरात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

तोंड दाखवायला जागा न उरल्याचा प्रसंगही एकदा आला, तो सांगून टाकतो. एका वर्तमानपत्रासाठी लिहायचो, तिथं रात्री साडेअकराला पान बंद व्हायचं. बैठक लांबली. मी अकरालाच लिहून पाठवलं, 'भैरवीनं सांगता केली'. भैरवीनंच तर करतात सगळे! त्या रात्री बुवांनी टप्पा गायला, श्रोत्यांना नमस्कार केला आणि उठून गेले. सकाळी पहिला फोन त्यांच्याच शिष्याचा. घडायच्या आत वाक्य तयार होतं म्हणता ना तुम्ही? माझं छापूनही आलं होतं.

आता मोबाइल. अलीकडे मंडपात निम्मे हात वर असतात. म्हातारपणाची कुरकुर म्हणून सोडून दिली असती, पण २०१७ साली अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला तो आमच्या कामाचा आहे. एखादी गोष्ट अनुभवताना स्वतःच्या मर्जीनं फोटो काढणाऱ्यांना पाहिलेलं जास्त चांगलं आठवलं, आणि ऐकलेलं कमी. म्हणजे कॅमेऱ्यानं लक्ष नुसतं कमी केलं नाही, ते कानांकडून काढून डोळ्यांकडे दिलं. लग्नातल्या सजावटीचे फोटो काढणारीला सजावट चांगली आठवेल, शेजारची मावशी काय म्हणाली ते आठवणार नाही. तोडीला फोन वर करणाऱ्याला बुवांचा फेटा आठवेल. त्यामुळे 'फोन नकोच' असं मी म्हणत नाही. कशासाठी आलोय, एवढं ठरवून यावं.

यावर तुम्ही म्हणाल, मग लिहायचं आहे हे मनात असणंच वाईट ना? नाही. आमच्याच गावची गोष्ट घ्या. शिंद्यांच्या दरबारात बडे महंमद खाँ हे गवई होते, त्यांच्या तानेचा दबदबा. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या भावांना ती गायकी हवी होती, आणि ते तर शिकवणार नाहीत. सांगतात, की ही दोघं पोरं महिनोन्‌महिने पडद्याआड बसून ऐकत राहिली आणि एके दिवशी दरबारात तीच तान घेऊन उभी राहिली. गोष्टीत मीठमसाला किती, ते सोडा. पण विचार करा, त्या पडद्यामागे बसलेल्या पोरांइतकं बडे महंमद खाँ दरबारात दुसऱ्या कोणी ऐकलं असेल का? गालिच्यावर लोडाला टेकलेले सरदार त्या क्षणात होते, असं म्हणायला हरकत नाही. पानही खात होते. पोरांच्या मनात मात्र 'हे मला उद्या घ्यायचंय' एवढंच. घ्यायचं होतं म्हणून कान असा लागला. हाताशी कागद नव्हता, हेही त्यांच्या पथ्यावर पडलं असावं.

कागदाची बाजूही मांडतो, नाहीतर एकांगी होईल. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी ठिकठिकाणच्या गवयांकडून शेकड्यांनी बंदिशी उतरवून घेतल्या. १९१८ मध्ये माधवराव शिंद्यांच्या पाठबळानं आमच्या इथं संगीत विद्यालय सुरू झालं, तेही त्यांच्याच आखणीवर. कागदावर बंदिशीचा सांगाडा येतो, गाणं येत नाही, ही तक्रार तेव्हाही होती आणि खरी आहे. पण सांगाडाही उरला नसता तर आज कितीतरी चिजांचं नुसतं नाव राहिलं असतं. वेळच्या वेळी उतरवून घेतलं म्हणून राहिलं. काही गोष्टी अशा असतात, की त्या तेव्हाच टिपल्या नाहीत तर गेल्याच.

लहान मुलांचं बोलणं त्यातलंच. इथं माझे नियम मी गुंडाळून ठेवतो. आमच्या घरी कालनिर्णयच्या चौकोनांत बायको दुधाचे खाडे लिहायची, गॅस कधी लावला ते लिहायची, आणि त्याच पेन्सिलीनं, 'चांदोबाला तांदोबा म्हणाली', 'आजोबांचा चष्मा लावून पेपर वाचला, उलटा'. ती जुनी कॅलेंडरं तिनं गुंडाळी करून माळ्यावर ठेवली आहेत. मुलगी आता तिशीची आहे. माहेरी आली की माझी कात्रणं कोणी काढत नाही. दूध, दूध, तांदोबा, गॅस — हे मात्र दर खेपेला खाली उतरतं.

आता आजी.

तानसेनाच्या समाधीपाशी बसून लिहिणाऱ्याला बिलासखानी तोडीची दंतकथा टाळता येत नाही. तानसेन गेला. कलेवरापाशी मुलगा, बिलास खाँ, गायला बसला. तोडी गायची होती, पण शोकानं सूर ढळले आणि भैरवीचे लागले. चाल तेवढी तोडीचीच राहिली. म्हणे मृत तानसेनाचा हात दाद द्यायला हलला. हात हलला असेल-नसेल. पण बिलासखानीत आजही सूर भैरवीचे आणि चाल तोडीची, हे तुम्ही कुठल्याही मैफलीत ऐकू शकता. बापाच्या कलेवरापाशी बसून हा मुलगा सुरांचा विचार करत होता, म्हणून त्याला निर्दय ठरवणारा एकही गवई मला अजून भेटलेला नाही. ज्याला जे येतं त्यानंच तो रडतो. तुम्हाला शब्द येतात. आजीच्या टाचांकडे घरातल्या दुसऱ्या कोणाचं लक्ष गेलं होतं का? तुम्ही तिच्याकडे इतकं नीट बघत होतात, की 'मऊ' हा शब्द बरोबर आहे का याचीही तुम्हाला पर्वा होती. त्याची लाज कसली?

मला लाज वाटते ती वेगळ्या गोष्टीची. २००३ साली वडील गेले. जनकगंजातलं आमचं जुनं घर, झाशी-देवास-इंदूरहून माणसं आलेली, खाली ओसरीवर अंथरुणं. रात्री जेवणं झाली की मी माडीवर जाऊन दार लावून घ्यायचो आणि वडिलांवर लेख लिहायचो. नऊ रात्री लिहिला. तेरावं झालं आणि आठवड्यात तो एका अंकात आला. पत्रं आली, फोन आले. लेखात शेवटच्या रात्रीचा त्यांचा खोकला मी फार बारकाईनं लिहिला होता. आत्यानं अंक वाचला, घडी घातली आणि विचारलं, "दादाचा खोकला तुला छापायलाच सापडला होय रे?"

तेव्हा मी मनात म्हटलं, हिला लेखन कळत नाही. खरा हिशोब पुढे लागला. नऊ रात्री मी वर लिहीत होतो तेव्हा खाली ओसरीवर आत्या बोलत होती. वडील सोळाव्या वर्षी गावात आलेल्या नाटक कंपनीबरोबर पळून गेले होते. अकरा वर्षांच्या आत्यानं मागच्या दारानं त्यांचं गाठोडं बाहेर नेऊन दिलं होतं आणि त्यापायी मार खाल्ला होता. चुलत भावानं मला हे दोन वर्षांनी सांगितलं, तेही अर्धवट. कंपनी कुठली, वडील परत कसे आले, कोणी आणलं, हे त्याला आठवत नव्हतं; तो ऐकता ऐकता झोपला होता. आत्या तोवर गेली होती. माझ्या लेखात वडील खोकत राहिले. पळून गेलेला तो पोरगा माझ्या हातून निसटला, आणि तोही माझ्याच घरात, बारा पायऱ्या खाली.

त्यानंतर घरातल्या माणसांपुरता मी एक नियम केला, तो तुम्हाला पटला तर घ्या. मनात आलेलं वाक्य टाकून द्यायचं नाही, दोन शब्दांत टिपून ठेवायचं. पण त्याचा लेख, कविता, जे काय असेल ते, घरात त्या माणसाविषयी बोलणं चालू आहे तोवर करायचं नाही. सुतक संपतं तेव्हा बोलणं संपत नाही, हेही लक्षात ठेवा. वर्षश्राद्धाला, घर आवरताना, जुनी पातळं वाटताना ते पुन्हा निघतं. आणि ज्यांचं ते माणूस होतं त्या सगळ्यांना दाखवल्याशिवाय छापायचं नाही. यावर माझ्या व्यवसायातले काहीजण नाक मुरडतात, मुरडू देत.

तर तुमच्यापुरतं असं. सहलीला जाल तेव्हा वही बॅगेच्या तळाशी, खिशात हवं तर कागदाचा कपटा. वाक्य आलं की 'बरं, आणि?'. आणि आजीच्या टाचा. तुमच्या वाक्यात 'पहिल्यांदाच' असा शब्द आहे. म्हणजे एरवी त्या मऊ नसायच्या. भेगा होत्या का? कशानं पडल्या होत्या, शेतानं, धुण्याच्या दगडानं, की अनवाणी वारी करायच्या त्या? रात्री काय लावायच्या, कोकम तेल की मेण? तुम्हाला माहीत नसेल तर आईला असेल. या रविवारी ती भाजी निवडत बसली असेल तेव्हा जवळ बसा आणि विचारा. हातात काही घेऊ नका. घ्यायचंच असेल तर मेथीची जुडी घ्या.